अ‍ॅडमिन ते सुरक्षा: वीत्से वेनेमा यांच्या वाटेचा अभ्यास

"सात-आठ वर्षं सिस्टिम अ‍ॅडमिन म्हणून काढली, आता सिक्युरिटीत जायचंय," असं म्हणणारा माणूस पाठोपाठ विचारतो, "कुठलं सर्टिफिकेट करू?" पुण्या-मुंबईत हा संवाद इतका नेहमीचा झालाय की उत्तर देणाऱ्यालाही यादी तोंडपाठ असते. यादी देण्याऐवजी इथे एका माणसाचं प्रकरण उलगडतो. त्याने आपला कोड खुला केला आणि त्यामागची हकिकतही स्वतःच लिहून ठेवली. त्यामुळे "तो हुशारच होता" म्हणून विषय संपवावा लागत नाही. कोणत्या टप्प्यावर त्याने काय केलं ते तपासता येतं.

वीत्से वेनेमा मूळचे नेदरलँड्सचे. शिक्षण भौतिकशास्त्राचं. ग्रोनिंगेन विद्यापीठातून १९८४ मध्ये पीएचडी, विषय अणुकेंद्राच्या बीटा-क्षयातली डावी-उजवी सममिती. पुढे आइंडहोवनच्या तंत्र विद्यापीठात, गणित आणि संगणकशास्त्र विभागात, १२ वर्षं सिस्टिम आर्किटेक्ट. त्यातला काही काळ कंपन्यांमधल्या इलेक्ट्रॉनिक कागदपत्रांच्या देवाणघेवाणीची साधनं लिहिण्यात गेला. इथपर्यंतच्या बायोडेटात सुरक्षेचा मागमूसही नाही. १९९६ मध्ये ते अमेरिकेत आयबीएमच्या टी. जे. वॉटसन संशोधन केंद्रात गेले, तेव्हा मात्र युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या जगात त्यांना सुरक्षेतलं मोठं नाव म्हणून ओळखत होते. मधल्या सहा वर्षांत काय घडलं, तो आपला विषय.

रूट गेलं, खुणाही गेल्या

१९९० च्या सुमाराला आइंडहोवनच्या यंत्रांवर एक डच घुसखोर पुन्हा पुन्हा येत होता आणि दर वेळी रूटचे, म्हणजे यंत्रावरचे सर्वोच्च, अधिकार मिळवत होता. एवढंच असतं तर डोकेदुखी म्हणून सोडून देता आलं असतं. पण गडी जाताना 'आरएम', वजा 'आरएफ' आणि तिरकी रेघ एवढंच टाइप करून एंटर दाबायचा. युनिक्सवर हात बसलेल्या कुणाच्याही पोटात हे वाचून गोळा येईल: अख्खी डिस्क मुळापासून पुसायची, विचारायचं नाही, थांबायचं नाही. टेपवरच्या बॅकअपमधून बहुतेक वेळा सगळं परत आणता यायचं, तरी अधूनमधून कुणाचं ना कुणाचं बरंच काम कायमचं जायचं. हा कोण असावा याचा विद्यापीठाला दाट संशय होता. वेनेमांनी नाव कधी छापलं नाही. विभागात त्याला ठेवलेलं टोपणनाव मात्र सांगितलं: 'आमचा पाळीव'.

इथवरची गोष्ट कुठल्याही अ‍ॅडमिनची आहे. यंत्र पडलं, टेप लावली, यंत्र उठवलं, पासवर्ड बदलले, वरिष्ठांना मेल टाकली. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कामाची हद्द इथेच संपते, कारण तिकीट बंद झालेलं असतं. वेनेमांना खुपत होती ती पुढची गोष्ट. डिस्क पुसताना तो माणूस स्वतःच्या खुणाही पुसत होता. कसा शिरला, कुठून आला, आत किती वेळ होता, काहीच हाती लागत नव्हतं. पुढच्या वेळी अडवायचं कुठे, हे ठरवायलाही माहिती नव्हती.

एका रात्री उशिरा त्यांना दिसलं की घुसखोर बाहेरून पाळत ठेवतोय. 'फिंगर' नावाची एक सेवा तेव्हा जवळजवळ प्रत्येक युनिक्स यंत्रावर सुरू असायची. यंत्रावर आत्ता कोण लॉगइन आहे, केव्हापासून आहे, हे ती कुणालाही सांगायची. पासवर्ड लागत नसे आणि विचारून गेलेल्याची नोंद सहसा कुठेच राहत नसे. अ‍ॅडमिन जागेवर आहेत की घरी गेलेत, हे तो फिंगरने पाहत होता.

अशा वेळी कुणीही फिंगर बंदच करेल. आजही ऑडिटरचा पहिला शेरा हाच येईल. वेनेमांनी सेवा चालू ठेवली आणि विचारणा कुठून होतेय ते शोधायचं ठरवलं. अ‍ॅडमिनचं मन आणि सुरक्षावाल्याचं मन वेगळं होण्याची जागा दाखवायला सांगितलं, तर मी या निर्णयावर बोट ठेवेन. सेवा बंद करून यंत्र जरा कमी उघडं पडलं असतं, पण घुसखोराबद्दल नवं काहीच कळलं नसतं.

जुन्या प्रोग्रॅमला हात न लावता

नोंद ठेवायची तर फिंगरचा प्रोग्रॅम बदलायला हवा. विद्यापीठात सनओएस होतं, अल्ट्रिक्स होतं, आणखीही काही कंपन्यांची युनिक्स होती. सगळ्यांचा मूळ कोड हाती नव्हता. आपल्या ऑफिसातल्या ईआरपीची किंवा कोअर बँकिंगची तऱ्हा अशीच असते: सॉफ्टवेअर व्हेंडरचं, आणि त्याला हात लावायची सोय नाही.

त्यांनी काढलेली युक्ती कळायला 'आयनेटडी' ठाऊक हवा. तेव्हाच्या युनिक्सवर प्रत्येक सेवेचा प्रोग्रॅम कायम चालू नसे. आयनेटडी हा एकच प्रोग्रॅम अनेक पोर्टांवर, म्हणजे सेवांच्या क्रमांकित दारांवर, कान देऊन बसायचा. फिंगरच्या पोर्टावर कुणी आलं की फिंगरचा प्रोग्रॅम सुरू करून द्यायचा, दूरून लॉगइन करायच्या टेलनेटच्या पोर्टावर आलं की टेलनेटचा. सोसायटीच्या फाटकावर वॉचमन आहे, येईल त्याला बरोब्बर त्याच्या विंगकडे पाठवतोय, पण वही नाही, असा प्रकार.

वेनेमांनी मूळ फिंगरचा प्रोग्रॅम दुसऱ्या डिरेक्टरीत हलवला आणि त्याच्या जागी, त्याच नावाने, स्वतःचा एक छोटासा प्रोग्रॅम ठेवला. आयनेटडीला फरक कळायचं कारण नव्हतं. त्याने नेहमीसारखा 'फिंगर' सुरू केला. छोट्या प्रोग्रॅमने समोरच्या यंत्राचं नाव सिसलॉगमध्ये, म्हणजे युनिक्सच्या नोंदवहीत, लिहिलं आणि लगेच मूळ प्रोग्रॅमच्या हाती सूत्रं देऊन तो बाजूला झाला. आलेल्याला उत्तर नेहमीचंच मिळालं. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, बदलला नाही, कॉन्फिगरेशन फाइल बदलली नाही, वापरणाऱ्यांना सांगावं लागलं नाही. पहिली आवृत्ती अगदी मोजक्या ओळींची होती. हाच पुढचा 'टीसीपी रॅपर'.

अ‍ॅडमिनची सगळी शहाणीव या युक्तीत दिसते. जे चालतंय ते बिघडवू नका. उलटं फिरवायचं झालं तर एका 'मूव्ह' कमांडचं काम असावं. आणि लॉग सिसलॉगकडे जावा, कारण सिसलॉग नोंदी दुसऱ्या यंत्रावरही पाठवू शकतो. इथली डिस्क कुणी पुसली तरी तिथली नोंद टिकते. एखाद्या सुरक्षा संशोधकाने कदाचित नवा, जास्त शुद्ध फिंगर सर्व्हर लिहिला असता. तो इतक्या प्रकारच्या यंत्रांवर बसवायचा कोणी, आणि बसवताना काय काय मोडेल, याची धास्ती त्याला असतीच असं नाही.

लॉग जमू लागल्यावर चित्र उभं राहिलं. घुसखोर एकाच ठिकाणाहून येत नव्हता. अनेक यंत्रांना ठोकून पाहत होता, आणि मोडेमवरून पोहोचता येणाऱ्या उघड्या टर्मिनल सर्व्हरांचा (पुढे दुसऱ्या यंत्रांशी जोडून देणाऱ्या यंत्रांचा) त्याला मोठा आधार होता. तेव्हा कुठे रॅपरमध्ये अडवण्याची सोय आली: अमुक यंत्रांना परवानगी, तमुक यंत्रांना मनाई. 'होस्ट्स डॉट अलाऊ' आणि 'होस्ट्स डॉट डिनाय' या दोन फाइली लिनक्सच्या जुन्या अ‍ॅडमिन मंडळींच्या बोटांत बसलेल्या असतील. त्यांचा जन्म हा. आधी पाहिलं, मग अडवलं, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे फायरवॉलचे नियम आधी लिहिले जातात, आणि कोण काय वापरतंय हे नंतर, तक्रारी आल्यावर समजतं.

तिसरी भर जरा खोडकर होती. नको असलेल्या ठिकाणाहून कुणी आलं, तर रॅपरने आपोआप त्याच यंत्राला उलटं फिंगर करून तिथे कोण लॉगइन आहे ते टिपायचं. यातही पेच होता. दोन्हीकडे असाच सापळा फिंगरवरच लावला, तर दोन यंत्रं एकमेकांना अखंड फिंगर करत बसतील. म्हणून फिंगरच्या सेवेवर हा सापळा लावायचा नाही, आणि उलट विचारणेसाठी रॅपरसोबत दिलेला सुरक्षित फिंगर वापरायचा. समोरून येणारा मजकूरही घातक असू शकतो, हे गृहीत धरून तो लिहिलेला आहे. त्या काळात ही सावधगिरी सर्रास नव्हती.

मर्यादाही त्यांनी लिहून ठेवल्या. आयनेटडीतून सुरू न होणाऱ्या सेवांवर रॅपरचं लक्ष नाही. यूडीपी या पद्धतीने चालणाऱ्या काही सेवांचा प्रोग्रॅम एकदा सुरू झाला की बराच वेळ चालू राहतो. तिथे फक्त पहिली विचारणा दिसते. नाव खरं की बनावट हे पाहायला आयपी पत्त्यावरून नाव काढायचं, मग त्या नावावरून पुन्हा आयपी काढून जुळवायचा. तरीही पूर्ण खात्री नाही. आपल्या साधनाला काय दिसत नाही हे स्वतःहून सांगणारा अ‍ॅडमिन मुलाखतीत भेटला, तर मी पुढचे तांत्रिक प्रश्न निम्म्यावर आणेन.

आइंडहोवनच्या बाहेर

इथेच थांबले असते तर वेनेमा आइंडहोवनचे एक उत्तम अ‍ॅडमिन म्हणून निवृत्त झाले असते. त्यांनी कोड इंटरनेटवर फुकट ठेवला आणि सप्टेंबर १९९२ मध्ये बाल्टिमोरला यूझनिक्स संघटनेच्या युनिक्स सुरक्षा परिषदेत त्यावर शोधनिबंध मांडला. निबंध छोटा आणि सोप्या इंग्रजीत आहे. सुरुवातच घुसखोराच्या गोष्टीने होते, आणि वाचणाऱ्या अ‍ॅडमिनला दुसऱ्या पानावर वाटतं, अरे, हे तर आपल्याकडेही बसवता येईल.

अ‍ॅडमिनच्या कामाची गोची अशी की ते चांगलं झालं तर दिसतच नाही. सर्व्हर पडला नाही याची बातमी होत नाही. आपल्याकडच्या कितीतरी अ‍ॅडमिन मंडळींनी रॅन्समवेअर आलेल्या यंत्रातून डेटा वाचवलाय, सर्व्हिस अकाउंटांचा (माणसाऐवजी प्रोग्रॅम वापरतात त्या खात्यांचा) गुंता सोडवलाय, पण त्यावर चार पानंही कुठे नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर "झालं सर" एवढीच नोंद. पुढच्या मुलाखतीत त्याचा पुरावा काय देणार?

निबंधाखेरीज आणखी एक गोष्ट घडली: जोडीदार. डॅन फार्मर यांनी पर्ड्यू विद्यापीठात जीन स्पॅफर्ड यांच्या हाताखाली 'कॉप्स' लिहिलं होतं. ते यंत्राच्या आतून चुकीच्या परवानग्या, कच्चे पासवर्ड वगैरे तपासायचं. वेनेमा बाहेरून कोण येतं ते पाहणारे, फार्मर आत काय ढिलं आहे ते पाहणारे. १९९३ च्या डिसेंबरात दोघांनी मिळून एक लेख इंटरनेटवर टाकला. म्हणणं असं, की साइट सुरक्षित करायची तर आधी स्वतःच तिच्यात घुसून बघा. आज 'पेनेट्रेशन टेस्टिंग' नावाने ज्याची बिलं निघतात, त्याचं तर्कशास्त्र तिथे अ‍ॅडमिनच्या भाषेत मांडलेलं आहे.

पुढची पायरी होती 'सॅटन', ५ एप्रिल १९९५. ब्राउझरमधून चालणारं, नेटवर्कवरच्या यंत्रांमधल्या ढिलाया शोधणारं आणि फुकट मिळणारं साधन. नावामुळे आणि "आता कोणीही पोरगा कुठेही घुसेल" या भीतीमुळे वर्तमानपत्रांत बराच धुरळा उडाला. नाव खटकणाऱ्यांसाठी सोबत 'रिपेंट' नावाची स्क्रिप्ट होती. ती चालवली की सॅटनचं 'सॅन्टा' व्हायचं. पण आत होतं काय? साऱ्या जगाला खुली ठेवलेली एनएफएस शेअर, म्हणजे नेटवर्कवरून वाटलेली डिरेक्टरी. कुणालाही मिळणारी एनआयएसची, म्हणजे अनेक यंत्रांच्या सामायिक खात्यांची, पासवर्ड फाइल. लिहिता येणारी निनावी एफटीपी डिरेक्टरी. ताबा नसलेला, पडद्यावरच्या खिडक्या दाखवणारा एक्स सर्व्हर. जुनं सेंडमेल, म्हणजे तेव्हाचा मेल सर्व्हर. सगळ्या रोजच्या कामात राहून गेलेल्या गोष्टी, आणि त्या कुठे राहतात हे अ‍ॅडमिनइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

त्या धुरळ्यात फार्मर यांना सिलिकॉन ग्राफिक्समधली नोकरी गमवावी लागली. हा भाग प्रेरणादायी भाषणांत सहसा येत नाही. घरच्या हप्त्यांवर जगणाऱ्याने तो विसरू नये: दुसऱ्यांच्या ढिलाया दाखवणारं काम मालकाला विचारून, लेखी परवानगी घेऊनच करावं. आपल्याकडे तर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ मुळे विनापरवानगी 'फक्त तपासून पाहिलं' हेसुद्धा अंगाशी येऊ शकतं.

वेनेमा पुढच्या वर्षी आयबीएमला गेले. तिथे त्यांनी लिहिलेला मेल सर्व्हर १९९८ च्या अखेरीला खुला झाला. तोच आजचा 'पोस्टफिक्स'. सेंडमेल एकच मोठा प्रोग्रॅम, रूटच्या अधिकारात चालणारा. पोस्टफिक्समध्ये कामाचे तुकडे केले: मेल घेणारा वेगळा, रांग सांभाळणारा वेगळा, पोहोचवणारा वेगळा, आणि प्रत्येकाला लागतील तेवढेच अधिकार. एक फुटला तरी घर उघडं पडू नये. फार्मर यांच्यासोबत २००० मध्ये 'कॉरोनर्स टूलकिट' आलं, म्हणजे घुसखोरी होऊन गेल्यावर यंत्राचं शवविच्छेदन करायची हत्यारं. त्यात फाइलींच्या वेळा क्रमाने लावणारं साधन आहे, आणि पुसलेला मजकूर डिस्कवरून गोळा करून जुळवणारंही. दहा वर्षांपूर्वीच्या त्या पुसणाऱ्या पाहुण्याला उशिरा दिलेलं उत्तर म्हणून मी त्याकडे पाहतो.

१९९९ मध्ये त्यांना 'सेज' संघटनेचा विशेष कामगिरी पुरस्कार मिळाला. सेज ही सिस्टिम अ‍ॅडमिन लोकांची संघटना. म्हणजे सुरक्षेत नाव झालं तरी घरच्यांनी त्यांना आपलंच मानलं.

त्याच वर्षीच्या जानेवारीत एक वाईट प्रकारही झाला. आइंडहोवनच्या एफटीपी सर्व्हरवर कुणीतरी शिरलं आणि टीसीपी रॅपरच्या सोर्स कोडचीच बनावट प्रत तिथे ठेवली. ती बसवली की विशिष्ट सोर्स पोर्टावरून येणाऱ्याला रूटचं दार उघडं. पहारेकऱ्यालाच फितूर करायचा प्रयत्न. फाइलची पीजीपी सही (अस्सल असल्याची डिजिटल खूण) जुळवणाऱ्यांना फरक कळू शकत होता. किती जण जुळवत असतील हा वेगळा प्रश्न. मार्च २०२४ मध्ये फाइली लहान करणाऱ्या 'एक्सझेड' लायब्ररीत अशीच चोरवाट सापडली. ती आंद्रेस फ्रॉइंड यांना सापडली. ते पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारे अभियंता, सुरक्षेचं पद नसलेले. एसएसएचने दूरच्या यंत्रावर लॉगइन करायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्यांना खटकलं.

आज, इथे

रॅपर स्वतः आता मागे पडलाय. ओपनएसएसएचने २०१४ मध्ये ६.७ या आवृत्तीत त्याचा आधार काढला आणि रेड हॅट लिनक्सच्या ८ व्या आवृत्तीत तो नाही. त्याने भरून काढलेली गरज मात्र कायद्यात आली. केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या, म्हणजे सर्ट-इनच्या, २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे, यंत्रांची घड्याळं ठरलेल्या एनटीपी सर्व्हरांशी जुळती ठेवायची आणि ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या. ही तिन्ही कामं सुरक्षा विभाग कागदावर करतो. प्रत्यक्ष करणारा अ‍ॅडमिनच असतो. घड्याळ दहा मिनिटं चुकलेल्या सर्व्हरचा लॉग तपासात किती छळतो, हे त्याला सांगावं लागत नाही.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ ला झालेल्या हल्ल्यात ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली. एटीएमकडून आलेली विचारणा बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचण्याऐवजी चोरांनी मध्ये बसवलेल्या बनावट स्विचकडून मंजूर होत होती, असं तपासातून पुढे आलं. मध्ये बसायचं आणि दोन्ही बाजूंना पत्ता लागू द्यायचा नाही, ही युक्ती वेनेमांनी राखणीसाठी वापरली होती. इथे चोरांनी वापरली. ती कुठे लपू शकते हे ओळखायला नेहमीची वाहतूक कशी दिसते ते ठाऊक हवं, आणि ते माहीत असणारा माणूस बँकेत एकच: रोज ती चालवणारा.

म्हणून आठ वर्षांच्या अ‍ॅडमिनने सॉकमधल्या (सुरक्षा देखरेख केंद्रातल्या) पहिल्या पातळीच्या नोकरीतून, रात्रपाळीत अलर्ट पुढे ढकलत, पगार कमी करून आत शिरावं हे मला पटत नाही. फ्रेशरसाठी ते दार ठीक आहे. अ‍ॅडमिनने सध्याच्या खुर्चीवरूनच सरकावं: अधिकार आणि ओळख व्यवस्थापन, हार्डनिंग (यंत्राची ढिली सेटिंग्ज घट्ट करणं), पॅच आणि ढिलायांचा पाठपुरावा, डिटेक्शनचे नियम लिहिणं, घटनेनंतरचा तपास. सर्व्हिस अकाउंटांचे पासवर्ड वर्षानुवर्षं तेच का राहतात, बॅकअपचं खातं डोमेन अ‍ॅडमिन का असतं, पॅच लावायला परवानगी का मिळत नाही, याची उत्तरं त्याच्याकडे आहेत. नव्या सुरक्षा तज्ज्ञाच्या अहवालात नेमकी हीच ओळ राहून जाते.

सर्टिफिकेटांचं म्हणाल तर सीआयएसएसपी या सुरक्षेच्या सर्टिफिकेटला परीक्षेखेरीज पाच वर्षांचा अनुभव लागतो, आठपैकी निदान दोन विषयक्षेत्रांतला. संबंधित विषयातली पदवी किंवा मान्य सर्टिफिकेट असेल तर एक वर्ष माफ होतं. बहुतेक अ‍ॅडमिन समजतात की आपल्याकडे सुरक्षेचा अनुभव शून्य. पण यूजरांचे हक्क सांभाळणं, लॉगवर लक्ष ठेवणं, बॅकअपची चाचणी, पॅचिंग ही कामं 'सिक्युरिटी ऑपरेशन्स' आणि 'आयडेंटिटी अँड अ‍ॅक्सेस मॅनेजमेंट' या क्षेत्रांत धरता येतात. मात्र ती तशी नोंदवलेली हवीत. "विंडोज सर्व्हर २०१६ चं व्यवस्थापन" या ओळीने काहीच सिद्ध होत नाही. "डोमेन अ‍ॅडमिन खाती इतक्यांवरून इतक्यांवर आणली, अशी आणली, मध्ये हा प्रोग्रॅम बंद पडला, तो प्रश्न असा सोडवला" ही ओळ वाचून समोरचा खुर्ची पुढे सरकवतो.

नोंद करायला उद्याच सुरुवात करता येईल. आपल्या सांभाळातल्या एकाच सर्व्हरवर, पासवर्ड न विचारता बोलणाऱ्या सेवा कोणत्या आणि गेल्या आठवड्यात त्यांच्याशी कोण कोण बोललं, हे दोन पानांत लिहा. साहेबांची परवानगी घेऊन. दुसरा प्रश्न सुटणार नाही, कारण बहुतेक सेवांचा लॉग चालूच नसेल. मग तो चालू करा, दुसऱ्या यंत्रावर पाठवा, आणि तेही लिहा.